दोन गाडगी ज्वारी

तुम्ही खोटं बोललात. पौषातल्या एका शनिवारी सकाळी, तुमच्या बंगल्याच्या मागच्या फाटकात उभं राहून, माझ्या तोंडावर खोटं बोललात. माझ्या पाठीवर सरकीचं पोतं होतं. मी विचारलं, "साहेब, इकडं ख्रिस्ती लोकांची प्रार्थना कुठं होते?" तुम्ही म्हणालात, "माहीत नाही." आणि गोठ्याकडं हात केलात, पोतं कुठं टाकायचं ते दाखवायला.

हे तोंडानं सांगायला आलो असतो तर तुम्ही "भाऊ, शांत व्हा" म्हणाला असतात. कागदाला तसं म्हणता येत नाही, म्हणून लिहितोय. मी शाळेत दोनच इयत्ता शिकलो. पुढचं वाचणं तेरसिंगबाबानं दिलेल्या शुभवर्तमानावर, बोट ठेवून ठेवून. शुद्धलेखन तुम्ही सुधारून घ्या. बाकीचं सुधारू नका.

माझं नाव नवल. तुम्ही कधी विचारलं नाहीत. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. पावसावरची शेती, मोहफुलं, डिंक, आणि हिवाळा लागला की खाली मजुरीला. गावात आमची ख्रिस्ती घरं अकरा. देऊळ नाही. मोहाचं झाड आहे, त्याला रुळाचा तुकडा टांगलाय. तेरसिंगबाबा रविवारी त्यावर लोखंडी खिळा मारतो, की आम्ही गोळा. तो उपदेश करतो, आम्ही गाणी म्हणतो, आणि बाया आपापली मूठ आणून ओततात.

मूठ म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. तरी सांगतो, कारण सगळं त्या मुठीवरच अडलंय. बाई दळायला धान्य काढते, तेव्हा आधी एक मूठ देवाची म्हणून बाजूच्या गाडग्यात टाकते. रोज. घरात पसाभर असलं तरी टाकते. गाडगं भरलं की मंडळीत द्यायचं. त्यातून तेरसिंगबाबाचं पोट चालतं, आणि कुणी आजारी पडलं तर त्याच्या घरी जातं. धान्य एकटं जात नाही. चार बाया ते घेऊन जातात, बसतात, गाणं म्हणतात, आजाऱ्याचे पाय चेपतात. माझी बायको बिजली अशी कितीतरी घरी गेली होती.

मग तीच आजारी पडली. खोकला, ताप, थुंकीत रक्त. शिरपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, धुळ्याला न्या, मोठ्या दवाखान्यात सुया द्याव्या लागतील, तीनचार महिने जवळ राहा. छप्पन्नची दिवाळी झाली आणि आम्ही निघालो. निघताना तेरसिंगबाबा म्हणाला, "काळजी करू नका. धुळ्यात आपले लोक पुष्कळ आहेत. पक्कं देऊळ आहे. घंटा ऐकू आली की सरळ जा."

पांझरेच्या पलीकडं नवी वस्ती होत होती. पुढं वकील-मास्तरांचे बंगले, मागं कापसाचं जिनिंग, जिनिंगच्या मागं आमची पत्र्याची चाळ. मला जिनात हमाली मिळाली. थंडी पडली तेव्हा मुकादमानं मेलेल्या पहारेकऱ्याचा कोट दिला. खाकी, पितळी बटणांचा. तो कोट लक्षात ठेवा, तुम्ही पुढं त्याचंच नाव घेणार आहात.

बिजलीनं खोलीत शिरल्या शिरल्या काय केलं असेल? चूल मांडायच्या आधी कोपऱ्यात गाडगं मांडलं.

पहिल्या रविवारी मी कान देऊन बसलो. नऊ वाजता लांबून लोखंडाचा आवाज आला. ठण्, ठण्. अगदी आमच्या रुळासारखा. बिजली चटईवरून उठून बसली. म्हणाली, "जा, पळ!" आम्ही घरात पावरीत, आमच्या बोलीत, बोलायचो, मी इथं मराठीत मांडतोय. मी पळालो. नदी ओलांडून, आवाजाच्या दिशेनं, धापा टाकत. तिथं तुरुंग होता. फाटकावर शिपाई बसला होता, शेजारी तासाचे टोले द्यायचा हातोडा.

"काय रे, कुणाला भेटायचंय?"

मी म्हटलं, "इथं प्रार्थना असते ना?"

तो हसला. "असते तर! आत बरेच जण करतात. चल, जागा आहे. फक्त बाहेर यायची घाई करू नकोस."

हे मी बिजलीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली, पाठ चोळावी लागली. पण हसली. ते तिचं धुळ्यातलं शेवटचं मोठं हसणं.

पुढच्या रविवारी नाक्यावर मगनच्या हॉटेलात विचारलं. मगन चहा गाळता गाळता अहिराणीत म्हणाला, "तू सायेब शे का रे भो?"

"नाही. मी पावरा."

"मंग ख्रिस्ती कसा? ख्रिस्ती म्हंजे सायेब लोके. त्या बठ्ठा सत्तेचाळीसले गयात. जाता जाता देव आठे ठेई गयात का?"

बाकावरचे सगळे हसले. एकानं तरीही उठून मला बाहेर आणलं, बोटानं दाखवलं, तिकडं गोऱ्यांचं काहीतरी आहे म्हणाला. गेलो. ते गोऱ्यांचं कबरस्तान होतं, कुलूप लावलेलं. गंजलेल्या गजांतून मी बराच वेळ आत बघत राहिलो. नावं वाचता येत नव्हती, इंग्रजी होती. निदान हे लोक आपलेच, असं वाटलं. असं वाटायला माणूस किती एकटा पडावा लागतो ते तुम्हाला कळणार नाही, तुम्हाला चार जणांत बसायला घर आहे.

मग तुम्ही. जिनाचा मुकादम दर शनिवारी तुमच्या गाईसाठी दोन पोती सरकी पाठवायचा, हातगाडीवर, माझ्याबरोबर. तुमचं मागचं अंगण शेणानं सारवलेलं, तुळस नाही, हे मी पाहिलं होतं. तुम्ही गाईला मऊ आवाजात बोलायचात. म्हणून धीर करून विचारलं. उत्तर वर लिहिलंय.

त्या शनिवारी पहिलं गाडगं काठोकाठ भरलं.

बिजली म्हणाली, "उद्या देऊन ये."

"अजून पत्ता लागला नाही."

"शोध ना. तू विचारत नाहीस. तुला लाज वाटते."

रविवारी मी गाडगं डोक्यावर घेऊन निघालो. सगळी नवी वस्ती फिरलो. बंगल्यांच्या पुढच्या बाजूला पाट्या होत्या, वकील, ओव्हरसीयर, सेवानिवृत्त अमके. तुमच्या बंगल्यावर पाटी नव्हती. दाराच्या वर चुना ताजा होता आणि चुन्यातून खिळ्यांची चार भोकं दिसत होती. मी ती भोकं पाहिली. पाहून पुढं गेलो. घंटा नाही, क्रूस नाही, खिडक्या लावलेल्या. मला काय ठाऊक, की देव आतल्या अंगाला कडी लावून बसलाय.

बारा वाजेपर्यंत फिरलो. मग डोक्यावरचं गाडगं घेऊन घरी कसं जायचं? ती दाराकडं डोळे लावून बसलेली असणार. मी शेजारच्या लोटनकडं गेलो. लोटन माझ्याबरोबर जिनात होता. भला माणूस, भजनी मंडळात टाळ वाजवणारा.

"हाई कोनी ज्वारी रे नवलभाऊ?"

"देवाची."

"मंग देवले देई टाक ना."

"पत्ता सापडत नाही."

"देवना पत्ता सापडत नही?" लोटननं कपाळावर हात मारला. "ठेव आठे. सापडना की लई जाय."

रिकामं गाडगं घेऊन मी घरी आलो. बिजलीनं ते पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, की माझ्या तोंडून निघून गेलं, "दिलं."

हे माझं खोटं. ते मी कबूल करतो, इथं, सहीनिशी. पण खोटं एकटं राहत नाही. तिनं लगेच विचारायला सुरुवात केली. देऊळ कसं आहे? कौलारू. बसायला काय? बाकं. पाद्री कोण? पांढऱ्या दाढीचा, तेरसिंगबाबासारखाच, थोडा ठेंगणा. गाणं कुठलं म्हटलं? तुझंच, तू दळताना म्हणतेस ते. बाया किती होत्या? पुष्कळ. कुणी काही विचारलं? आणि इथं मी अडकलो. कुणी काहीच विचारलं नाही, असं कसं सांगू?

"चमेलीबाईनं विचारलं," मी म्हणालो. "ज्वारी ओतून घेतली आणि म्हणाली, तुमच्या घरची बाई का नाही आली? मी सांगितलं, आजारी आहे."

अशी कुणी चमेलीबाई जगात नव्हती. त्या खोलीत, पत्र्याखाली, तिच्या डोळ्यांसमोर मी ती घडवली. बिजलीनं दाराकडं पाहिलं. मग म्हणाली, "आता येतील त्या."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर खोली झाडलेली. जिला उभं राहिलं की घेरी यायची, तिनं बसून बसून झाडली होती. आमच्याकडं एक चांगली चटई होती, ती पसरून ठेवलेली. तांब्या घासलेला. लोटनची बायको धुरपदाबाई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"कोन यी राहिनं वं बिजली, इतकी झाडपूस करी राहिनी?"

"चमेलीबाई," बिजली म्हणाली. "आमच्यातली."

धुरपदाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्या बाईला सगळं कळलं. रोज दुपारी स्वतःच येऊन बसायला लागली, पसरलेल्या चटईवर नाही, तिच्या कडेला, जमिनीवर. चटई चमेलीबाईची होती.

असे पाच रविवार गेले. दर रविवारी मी कोट घालून निघायचो, नदीच्या वाळूत जाऊन बसायचो, आणि दुपारी परत येऊन देवळाच्या गोष्टी सांगायचो. मीच उपदेश रचायचो. बिजली म्हणायची, "तुमचा पाद्री चांगला बोलतो." आणि मग दर वेळी, "चमेलीबाई काय म्हणाली?"

"येते म्हणाली. घरी पोरांचं आजारपण आहे."

"पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी."

तिला आता जातं ओढवत नव्हतं. मी ज्वारी गिरणीवर न्यायचो. पण नेण्याआधी सुपडं तिच्या चटईपाशी न्यावं लागायचं. ती हात घालायची आणि मूठ काढायची. मूठ लहान होत गेली, बोटं मिटेनात म्हणून दाणे गळायचे. गळलेले ती वेचायला लावायची. दुसरं गाडगंही भरत आलं.

माघ संपता संपता एका सकाळी ती म्हणाली, "नवल, मी कितीतरी घरी गेले. रामीच्या घरी गेले, तिला देवी आल्या होत्या तरी गेले. गेले की नाही?"

"गेलीस."

"मग धान्य घेतलं आणि माणूस का आलं नाही?"

मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं. अगं, कुणी धान्य घेतलंच नाही, देऊळच सापडलं नाही, सगळं मी रचलं. पण मग पाच रविवारांची कौलं, बाकं, दाढीवाला पाद्री, सगळं तिच्यापुढून ओढून न्यावं लागलं असतं. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. मी गळलेले दाणे वेचत राहिलो.

ती म्हणाली, "माझं काही चुकलं असेल. विचार त्यांना. का नाही आले, एवढं विचार."

दोन दिवसांनी, दुपारी, धुरपदाबाई कडेला बसलेली असताना, बिजली गेली. चटई पसरलेलीच होती.

आम्हाला माती द्यायची होती. कुठं द्यायची? गोऱ्यांच्या कबरस्तानाला कुलूप. लोटन आणि त्याचा भाऊ हिलाल, दोघांनी नदीच्या वरच्या अंगाला एका बाभळीखाली जागा पाहिली, मळेवाल्याच्या पाया पडून परवानगी आणली आणि स्वतः खोदलं. माती टाकून झाली. मी प्रार्थना म्हणायला लागलो आणि मध्येच विसरलो. लहानपणापासून पाठ असलेली. धुरपदाबाई म्हणाली, "तुमनं गानं शे ना, बिजली म्हने ते? म्हना ना भाऊ."

आमचं गाणं एकट्यानं म्हणायचं नसतंच. एकजण उचलतो आणि दहाजण झेलतात.

"मंग माले जे येस ते मी म्हनस," ती म्हणाली, आणि तिनं म्हटलं. विठ्ठलाचं होतं. लोटननं टाळ धरला. बिजलीला निरोप द्यायला जे आले ते हे तिघं. त्यांनी माझ्याकडं, तुम्ही पुढं मागितलंत तसं, मंडळीचं पत्र मागितलं नाही.

आता तुमच्याकडं येतो.

तीन आठवड्यांनी, शनिवारी जिनाचा पट्टा तुटला, सगळा दिवस दुरुस्तीत गेला. मुकादमानं रविवारी सकाळी मला सरकी घेऊन पाठवलं. मी रविवारी तुमच्याकडं कधी आलोच नव्हतो. मागच्या फाटकातून शिरलो तर मागच्या दाराशी चपलांचा ढीग. पुढचं दार बंद, खिडक्या बंद. पडवीत तेलाचा एक मोठा डबा उघडा ठेवलेला. पांढऱ्या लुगड्यातली एक बाई आली, कमरेची लहान पिशवी सोडली आणि डब्यात ओतली. पत्र्यावर ज्वारी पडल्याचा आवाज. मग दुसरी आली. तिनंही ओतली. मग तिसरी.

तो आवाज मला दुसऱ्या कुणी ओळखायला शिकवायला नको. पाठीवर पोतं घेऊन मी तसाच उभा राहिलो. आत गाणं सुरू झालं, दबक्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये असं. बिजलीचंच गाणं. आणि मी काय करत होतो सांगू? त्या बायांच्या तोंडांकडं बघत होतो. चमेलीबाई शोधत होतो. मीच रचलेली बाई.

गाणं संपलं तेव्हा तुम्ही बाहेर आलात.

"आज रविवारी कशी काय सरकी?"

"काल पट्टा तुटला."

"बरं. ठेवा गोठ्यात आणि निघा."

"मी ख्रिस्ती आहे," मी म्हणालो.

तुम्ही माझ्या कोटाकडं पाहिलंत. बटणांकडं. मग विचारलंत, "कुठल्या मंडळीचे? पत्र आहे का तिथलं?"

"आमच्या मंडळीच्या वडिलांना, तेरसिंगबाबाला, लिहिता येत नाही."

"पत्राशिवाय कसं समजायचं?"

"पौषात मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही माहीत नाही म्हणालात."

तुम्ही मला बाजूला घेतलंत. आवाज तोच, गाईशी बोलता तो. "भाऊ, समजून घ्या. दिवस वाईट आहेत. कुणी कुणी येतं, कोण ख्रिस्ती झालं ते विचारतं, नावं लिहून नेतं. शेजारी घंटेची तक्रार करतात. आम्ही घंटा बंद केली, पाटी उतरवली. आणि तुमच्या अंगावर हा सरकारी कोट. आम्हाला काय कळणार?"

"चौकशीचा माणूस पाठीवर पोतं घेऊन येतो का?"

आतून कुणीतरी हाक मारली आणि तुम्ही गेलात. दार लावून घेतलंत.

मी पोतं गोठ्यात नेलं. ओल लागू नये म्हणून खाली एक फळी टाकलेली असते, तिच्यावर मी सगळा हिवाळा पोती रचली. त्या दिवशी जुनी पोती संपली होती, फळी मोकळी होती. मी ती उलटली. निळ्या रंगात अक्षरं होती. ख्रिस्ती प्रार्थनामंदिर. दर रविवारी सकाळी नऊ वाजता. सर्वांनी यावे.

सर्वांनी यावे! मी बोट ठेवून तीनदा वाचलं. मग फळी परत पालथी घातली आणि वर पोतं ठेवलं. तुमची जागा तुम्हाला लखलाभ.

माझ्या खोलीपासून तुमच्या मागच्या फाटकापर्यंत सातशे पावलं आहेत. त्या दिवशी परतताना मोजली. खोकणारी बाईसुद्धा मध्ये दोनदा बसून आली असती.

भीती मलाही कळते. आम्ही डोंगरातले लोक, भीती आम्हाला तुमच्यापेक्षा जुनी ठाऊक आहे. जंगलखात्याचा गार्ड आला की आम्हीही घरं सोडून पळतो. पण पळताना आजाऱ्याला खाटेसकट उचलून नेतो.

आज रविवार. आज मी कोट घातला नाही. लोटनकडून पहिली ज्वारी आणली, घरातलं दुसरं गाडगं घेतलं, आणि तुमची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मागच्या पडवीत येऊन दोन्ही तुमच्या डब्यात ओतली. डबा भरून खाली सांडली. एका बाईनं विचारलं, "कुणाची हो ही?" मी सांगितलं, बिजलीची. "त्या नाही आल्या?" म्हणाली. चांगली वाटली ती बाई. तिनं वाकून सांडलेले दाणे वेचले.

मी आत आलो नाही. येणार की नाही ते तुमच्यावर आहे. एवढं शेवटचं गोठ्यापाशी बसून लिहिलं, आणि हा कागद डब्यात ज्वारीवर ठेवून जातोय.

मी बिजलीला सांगितलं होतं की मंडळीनं तुझं धान्य घेतलं. तेव्हा ते खोटं होतं, आज खरं झालं. आता तिचा प्रश्न माझ्याकडं राहिला नाही, तुमच्याकडं आला. पुढच्या रविवारी नऊ वाजता मी तुमच्या पुढच्या दाराशी उभा राहीन, जिथं खिळ्यांची भोकं आहेत तिथं. खिडक्या उघडा आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. धान्य घेतलंत, तर माणूस का आलं नाही? उत्तर द्या.